धामणीच्या माळावर झाड लावू नका

वहिनी, समोर बसलेले साहेब लोक, नातेवाईक मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे वनरक्षक भाऊबहिणींनो,

माझं नाव वसंत. ज्यांच्यासाठी आपण आज राजापेठेतल्या या सभागृहात जमलो, ते सुधाकर वानखडे रेंजर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा वनपाल. साहेब मी त्याला लोकांसमोर म्हणायचो. रानात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, म्हणून इथंही अरे-तुरेच करतो. मी रिटायर झालो, त्याचं व्हायचं राहिलं होतं. मघाशी त्याच्या फोटोला हार घातला. माणूस गेल्यावर रडू येतं, ते मला येऊन गेलं. आता इथं उभा राहिल्यावर काय येतंय सांगू? किळस येते आहे.

थांबा भाऊ, माईक राहू द्या. दोन शब्द बोला म्हणालात ना? मग बोलू द्या.

मघाशी साहेबांनी जाहीर केलं की धामणीच्या माळावर सुधाकरच्या नावानं स्मृतिवन होणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! जेसीबी आजच माळावर जाऊन उभा राहिला आहे. उद्या सकाळी खड्डे सुरू. पाऊस पडला की झाडं लागतील, फोटो निघतील.

मंडळी, ज्यांनी धामणीचा माळ पाहिला नाही त्यांना सांगतो. अकोल्याकडे जाताना आतल्या रस्त्याला लागतो. आत्ता उन्हाळ्यात गेलात तर म्हणाल, हे काय, नुसतं वाळलेलं गवत, सावलीला एक झाड नाही. बरोबर आहे. तो गवताचाच माळ आहे. पिढ्यानपिढ्या तसाच आहे. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं गवत होतं आणि त्या गवतात तणमोर येतो. कोंबडीएवढं पाखरू. नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. माळावर झाडं झाली की गवत जातं, आणि गवत गेलं की हे पाखरू पुन्हा येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. हीच गोष्ट सुधाकर अर्धी नोकरी सांगत राहिला. हिवरखेडचा माणूस, गोड बोलायची सवय नव्हती. मीटिंगमध्ये उभा राहून म्हणायचा, "साहेब, वावरात कापूस उभा असते, त्याले तुमी ओसाड म्हन्ता काय? मंग गवताले काहून म्हन्ता?"

लोक हसायचे. त्याचं नाव ठेवलं होतं, गवत्या साहेब. आठवतं ना? हसू नका, मला आठवतं कोण कोण म्हणायचं ते. त्यातले तिघं आज पुढच्या रांगेत बसले आहेत, आणि मघापासून त्याला वृक्षमित्र म्हणत आहेत.

वृक्षमित्र! अहो, त्याच्या फोटोमागे लावलेला तो बॅनर तरी पाहा. सुधाकरच्या डोक्यामागे देवदाराची झाडं. आपल्या वऱ्हाडात देवदार! फोटो लावणाऱ्याला रान कोणतं आणि कुठलं, काही देणंघेणं नाही. दाराशी गुलमोहराची रोपं ठेवली आहेत, प्रत्येक पिशवीला त्याचा फोटो चिकटवलेला. उद्या ती रोपं सुकतील आणि सुधाकर कुठल्यातरी नालीत पडलेला दिसेल.

तो झाडांचा वैरी नव्हता, हे पण सांगतो. मेळघाटाच्या पायथ्याशी आम्ही सागवान राखलं, वणवे विझवले, त्याच्या भुवया जळल्या होत्या. जिथं झाडाची जागा आहे तिथं झाड, हे त्याचं म्हणणं. पण आपल्या खात्यात झाडं लावायचं उद्दिष्ट आलं की जागा शोधत फिरतात. रिकामी दिसली की खोद खड्डा. आणि रोप तरी कोणतं? गिरीपुष्प. का? तर गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे तपासणीला जगलेलं दिसतं.

एकदा अशीच तपासणी होती. दुसऱ्या एका रोपवनात रोपं मेलेली, आणि वरचे साहेब यायचे. मग काय केलं? कडुनिंबाच्या फांद्या तोडून आणल्या आणि खड्ड्याखड्ड्यांत रोवल्या. हिरवंगार रोपवन! साहेब गाडीतून उतरले, खूश झाले. सुधाकर पुढे झाला, एक फांदी उपटली, साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घ्या साहेब. हे झाड नोहे, हे दातवन आहे."

बघा, आता तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण त्यानंतर त्याची बदली झाली, मुलीची दहावी असताना. इकडे परत यायला त्याला काही वर्षं लागली. फांद्या रोवणाऱ्यांचं काय झालं? त्यांना शाबासकी मिळाली. मला ओकारी येते ती याची. मेलेलं रोप मेलं म्हणणारा माणूस आपल्याला चालत नाही. तो मेल्यावर मात्र चालतो. मग त्याच्या नावानं पुन्हा तेच खड्डे.

वहिनी, तुमची एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. धामणीचा भाग आमच्याकडे आला त्या पहिल्या वर्षी सुधाकर तुम्हाला जीपमधून तिथं घेऊन आला. भर पावसात आपण काचा लावून बसलो होतो. तुम्ही वैतागला होता. म्हणालात, "एवढ्याशा पाखरासाठी मले इथवर आनलं? घरी कपडे वाळून नाही राह्यले." तेवढ्यात गवतातून तो उडाला. पुन्हा उडाला. तुम्ही काच खाली केली आणि भिजत पाहत राहिलात. पुढच्या आषाढात तुम्हीच त्याला विचारत होतात, "अवो, धामणीले कधी जायचं?"

मग मला सांगा, या माणसांनी स्मृतिवनाचं तुम्हाला विचारलं का? तेरवीला आले होते ना? काय मागितलं? फोटो. बॅनरसाठी चांगलासा फोटो. बाकी काही विचारलं नाही. परवा तुम्ही मला म्हणालात, "भाऊजी, तुमी बोला. मले उभं राहून बोलता नाही येणार." म्हणून मी बोलतो आहे. हे माझे एकट्याचे शब्द नाहीत, साहेब.

त्याच्या शेवटच्या मीटिंगला काय झालं, तेही सर्वांना माहीत आहे. यंदाचं उद्दिष्ट धामणीच्या माळावर घे, असा हुकूम. तो नाही म्हणाला. सगळ्यांसमोर त्याला नको ते ऐकवलं. त्या मीटिंगनं त्याचा जीव घेतला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदय. पण त्या संध्याकाळी त्यानं मला फोन केला होता. आवाज थकलेला. म्हणाला, "वसंता, मायी बदली करतीन तं करू दे. मले कुठंय फेकू दे. पन आपला माळ खोदतीन रे हे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आणि तेरावा उलटत नाही तोच त्याच माळावर जेसीबी! ज्याला तो जिवंतपणी नाही म्हणाला, त्यालाच त्याच्या नावाची पाटी लावायची? मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून? अरे, थोडी तरी लाज!

त्याचं स्मारक करायचं असेल तर काहीच करू नका. एवढंच करा. जेसीबी परत आणा आणि माळाला माळ राहू द्या. गुलमोहर तुमच्या बंगल्यासमोर लावा आणि पाणी घाला.

झालं माझं. आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली. दरवेळी आपण उठतो, मान खाली घालतो, मनात घरची कामं आठवतो आणि खाली बसतो. आज तसं नको. धामणीच्या माळावर एक खड्डा होऊ देणार नाही, असं ज्याला या फोटोकडे बघून म्हणता येईल, त्यानंच उठावं. ज्याला म्हणता येत नसेल त्यानं खुशाल बसून राहावं. सुधाकरला खोटं उभं राहण्यापेक्षा ते आवडेल.

वहिनी उठल्या.

मागचे वनरक्षक तर मघापासून उभेच आहेत, त्यांच्यासाठी खुर्च्याच ठेवल्या नव्हत्या. तुम्हाला नोकरी आहे, बाबांनो. बसायचं तर खाली सतरंजीवर बसा, कोणी नाव ठेवणार नाही. नाही बसत? बरं.

साहेब, पुढच्या रांगेतून अजून कोणी उठलं नाही. आम्हाला घाई नाही. तुम्ही उठलात की दोन मिनिटं सुरू करू.