मॅडमची शाबासकी आणि आजीची

बारामतीच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला आलेल्या सरुबाईंचा नंबर लांब होता. कान मात्र शेजारच्या बाकावर लागले होते. तिथं इंदापूरकडच्या सासू-सुना बसल्या होत्या. सासूची पाच वर्षांची स्वमग्न नात ओवी आतल्या खोलीत तिला शिकवणाऱ्या मॅडमजवळ होती.

“आत्याबाई, आज मॅडम डाळिंबाचे दाणे देणार न्हाईत. नुसत्या ‘शाब्बास’वर ओवी खूश झाली, तरच शाळेत रमंल म्हणत्यात.”

“व्हईल की. रोज शिकवलंय मी.”

“शाब्बास म्हणून लगेच दाणा द्यायचा, तसंच केलं न्हवं?”

“दाणा दिला.”

“आन शाब्बास?”

“जल्मात कुणाला म्हणलं न्हाय. तुझ्या सासऱ्यानं विहीर खांदली तवाबी न्हाय.”

“मग काय म्हणत हुता?”

“‘वा गं टवळे!’ आता दाणा न्हाय दिला तरी टवळे म्हणलं की गदागदा हसती माझी बाय.”

“अवो, चार महिनं ह्येच म्हणत हुता?”

तेवढ्यात दार उघडलं.

“ओवीच्या आई, ठोकळे छान रचले तिनं. पण शाब्बास म्हटलं तर ढुंकून बघत नाही.”

“आत्याबाई, सांगा आता तुमीच.”

म्हातारीनं मॅडमच्या कानात सांगितलं.

“अहो आजी, मी कसं म्हणू असं?”

“मायेनं म्हणा. जरा हेल काढून.”

दार लागलं. सरुबाईंनी कान दाराकडं केला.

“वा... वा गं टवळे!”

आत ओवी खदखदून हसली. बाहेर सुनेनं डोळे पुसले.

“आत्याबाई, मला कधी म्हणला न्हाईत टवळे.”

“पिशवीतलं डाळिंब सोल आदी. मग बघू.”