विल्फची विश्रांती

नाही गं पोरी, तुझ्या यादीत तो सापडायचाच नाही — लढाईत गेलेल्यांची ना ही यादी? मग माझा नवरा कसा असेल तीत? तो आपल्या वाटची लढाई संपवून मेला. बस, ओढ ती खुर्ची. चर्चच्या भिंतीवर आपल्या विमानतळाच्या पोरांची पाटी लावताय, चांगलं करताय, माझं म्हणणं एवढंच की एक नाव वाढवा. विल्फ्रेड डाउस. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत एकटा बसायचा, बंदूक घेऊन.

तीस फेऱ्या केल्या त्यानं. तीसदा जर्मनीवर जायचं आणि तीसदा परत यायचं — पाच महिने मी इथं लिंकनशायरात आभाळाकडे कान लावून बसलेली. तिसावी झाली त्या सकाळी त्याच्या विमानातले सातही जण ह्याच स्वयंपाकघरात घुसले. केन म्हणून त्यांचा पायलट, ऑस्ट्रेलियाचा, म्हणतो कसा, "वहिनी, घे तुझा माल, एकही भोक न पाडता परत आणलाय!" चावट मेला. मी लाटणं उगारलं त्याच्यावर, आणि तशीच रडत सुटले.

तीस झाल्या की काय करायचे, ठाऊक आहे? सहा महिने नव्या पोरांना शिकवायला धाडायचे. आणि त्याचं सरकारी नाव काय, तर विश्रांती! मी अडाणी, मला वाटलं विश्रांती म्हणजे विश्रांती — खायचं, लोळायचं. अगं, लढाईला नको झालेली खटारा विमानं तिथं, आणि चालवणारी कालपरवा सायकलवरून पडणारी पोरं! विल्फ म्हणायचा, "एड्ना, जर्मन परवडले, पण हे शिकाऊ नकोत." मी आपली हसले.

केन आणि बाकीचे विश्रांती न घेता लगेच दुसऱ्या खेपेला गेले, आणखी पंधरा फेऱ्या. — ते? आले ना. सगळे आले. केन तर परवाच्या थंडीत वारला, नातवंडांत.

विल्फ वेल्सच्या डोंगरावर. धुकं होतं म्हणे, शिकाऊ पोराला डोंगर दिसलाच नाही. विश्रांतीचा अकरावा दिवस.

काय? घाबरून मागे राहिला? कोण म्हणतं? जीभ आवर! त्यानंही सही केली होती — दुसऱ्या खेपेच्या कागदावर, केनच्या सहीखाली. कोटाच्या खिशात होता कागद. मी कोट झटकायला घेतला तर... मला अक्षर जेमतेम लागायचं, पण त्याची सही ओळखू येत नाही होय? कागद शेगडीत घातला. तो दारातच उभा होता गं. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसरा कागद मिळाला असता त्याला, मागितलाच नाही. म्हणाला, "बरं एड्ना. तू म्हणतेस तर विश्रांती."

हे लिहून घेतेस? खोड. खोड म्हणते ना!

पाटीवर कसा गेला ते लिहीत नाहीत ना? आणि कुणापायी, तेही नाही? नुसतं नाव?

मग घाल. घाल, आणि जा आता, पोरी. जा.