चतुर्थीपर्यंतची गोळी

मुलांनो, तुम्ही म्हणता, हॉर्मोनचा धडा लक्षात राहत नाही. मला तो हमरापूरच्या मावशीमुळे जन्मभर विसरता येणार नाही.

मावशीचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींचे डोळे तिची सून, सुजाता वहिनी, काढते. तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही. तेव्हा तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी कॉलेजच्या सुट्टीत गेले तशी मावशी म्हणाली, "डॉक्टरकी शिकतेस ना, बघ गो हिला काय झालाय. औषधा झाली, नवस झाले, कायच उपयोग नाय."

मी वहिनीला विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

"गणपती झाले की येते," ब्रश न थांबवता ती म्हणाली. "पाळीत मूर्तीला हात लावायचा नाय. मग ह्या आई ती पुढं ढकलायच्या गोळ्या देतात. होळीपासनं चालू हायत."

"दर वर्षी?"

"लग्न झाल्यापासनं."

"आणि डॉक्टरांना सांगितलंस?"

तिने मावशीकडे पाहिलं आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

मग मी मावशीला नीट समजावलं. गोळी म्हणजे हॉर्मोनच, ती चालू असताना बीज सुटत नाही, दर वर्षी अर्धं वर्ष असंच जातं, मूल राहणार कुठून? आजच बंद कर.

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं. "करू गो बंद," ती म्हणाली. "चतुर्थी होऊ दे." आणि वहिनीपुढे गोळी आणि पाण्याचा पेला ठेवून तिने समोरच्या मूर्तीला हात जोडले, "बाप्पा, औंदा तरी पाळणा हलू दे."

वहिनीने गोळी गिळली आणि त्याच बाप्पाचा दुसरा डोळा काढायला घेतला.