उन्हाचा झेंडा

लोकायले उन्हातून वाचवाचं काम कोणी घेऊ नका व बायांनो, मी घेतलं होतं. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आमच्या गावात आल्या. मले लाल झेंडा दिला अन् म्हणाल्या, "ताई, ऊन जिवावर बेतेल असं दिसलं की मी फोन करेन. झेंडा उंच लावा, म्हणजे लोक बाहेर पडणार नाहीत."

मागच्या उन्हाळ्यात माही जाऊ कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना वावरातच चक्कर येऊन पडली होती. म्हणून मी हो म्हटलं.

फोन आला. गावात मारुतीच्या देवळाहून उंच काही नाई, तिथंच झेंडा लावला. थोड्याच वेळात भर उन्हात अख्खं गाव ताटं घेऊन हजर! देवळावर नवा झेंडा चढला म्हणजे महाप्रसाद, हे माह्या ध्यानातच नाई आलं.

"निंगा घरी! ऊन हाय म्हणून लावला झेंडा!" मी ओरडली.

जाऊ सावलीत ताट मांडून बसली. "एवढ्या उन्हाचं कुठं जाऊ व? आता जेवूनच जाईन."

तेवढ्यात मॅडमचा फोन. "ताई, लोक सावलीत थांबले का?"

"थांबले ना. सारं गाव देवळात बसून हाय, कोणी हालत नाई. तुम्ही फक्त वरण-भात घेऊन या."