सुमिएची बुधवारची शिकवणी

जपानमधल्या मात्सुए शहरातल्या गॅरेजात माझ्या गाडीची तपासणी चालली होती. शेजारी एक वृद्ध जोडपं बसलं होतं. मी पुस्तकात डोकं घातलं, तरी ऐकू येतच राहिलं.

"आपल्या गाडीचं गिऱ्हाईक येईलच आता, सुमिए."

"नाही येणार. मी फोन करून नको म्हणाले."

"अगं, डोळ्यांपायी मी लायसन्स परत केलं. ती स्पोर्ट्स कार आता देव्हाऱ्यात ठेवू?"

"मी चालवीन."

"तुझं लायसन्स बिनक्लचच्या गाडीचं."

"होतं. गेल्या महिन्यात क्लचची परीक्षा दिली."

"शिकलीस कधी? बुधवारी तर तू पुष्परचना शिकायला जायचीस."

"एक तरी फूल घरी आलं का?"

"पास झालीस?"

"दुसऱ्या खेपेला. आधी चढावर गाडी मागे घसरली."

"वर्षातून दोनदा निघते ती गाडी."

"आता दर रविवारी निघेल, समुद्रापर्यंत."

"मागे म्हाताऱ्या चालकांचं चिन्ह लावावं लागेल. लोक हसतील."

"हसू देत. मागे पडतील तेच हसतील."

"बरं. पण तिसरा गिअर जरा हळू टाक, तो..."

"शेजारी बसणाऱ्याने गप्प बसायचं असतं. तीस वर्षं मी बसले."