तळमजल्याची मागणी

भिलाईत क्वार्टर-वाटपाच्या खिडकीपुढे माझ्या पुढ्यात रुक्माबाई, आणि त्यांच्यापुढे जुनवानीला राहायला गेलेले त्यांचे जुने शेजारी आनंदराव.

"वहिनी, तळमजल्याचं अजून चालूच हाय का?"

"आधी आवेदन देलं. साहेब म्हणे, निवेदन द्या. ते देलं तं म्हणे, युनियनचा प्रस्ताव आणा."

"एकाच मागणीचे किती बारसे करते हे लोकं?"

"आमच्या यायले तिसऱ्या माळ्यावरून जिना उतरता येत नाही, एवढंच तं सांगून राहिली होती, भाऊ."

"मंग आज काय देऊन राहिल्या?"

"मागणी वापस घेतली, असं लिहून पाहिजे त्यायले."

"कावून? रामाजी उतरले का खाली?"

"उतरले. परवा. चौघांच्या खांद्यावर."

आनंदराव बाजूला झाले. खिडकीतल्या बाबूनं कागद वाचला.

"अम्मा, ये आज ही हो जाएगा."