ओंडक्याच्या अलीकडची फीत

आजच्या सभेचे अध्यक्ष, मंचावरील वनअधिकारी महोदय, सत्कारमूर्ती आमचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि चिखलाच्या बुटांवरून शिपायाची बोलणी खाऊन आत आलेले आमचे सगळे रानभटके सभासद, सर्वांना नमस्कार. मंडळाचा चिटणीस म्हणून मला दहा मिनिटं दिली आहेत. तेवढी पुरतील.

मास्तर कोण, हे सांगायची गरज आहे का? तेवीस वर्षं ते लोकांना या सदाहरित रानात फिरवत आले. मी औषधविक्रेता, जन्मभर बुरशी मारायची मलमं विकली. पहिल्याच फेरीत त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं आणि कुजक्या ओंडक्यावरची जांभळी अळंबी दाखवली, काडेपेटीतल्या काडीएवढी. म्हणाले, आता मलम विसरा. विसरलो. पुढे पायाला खाज सुटली तेव्हा आठवलं, ते सोडा. मग केशरी पाहिल्या, जाळीचा झगा घातलेल्या पाहिल्या. आणि ती पिवळी स्लाइम मोल्ड, जी धड अळंबी नाही, धड प्राणी नाही, आणि दिवसाभरात चक्क हातभर सरकते. वहिनींची तक्रार असायची की घरात भिंतीला ओल आली तरी हे आधी भिंग काढतात.

मास्तरांचा एक नियम होता. बघण्यासारखं काही सापडलं की शेजारच्या फांदीला निळी फीत बांधायची. फीत म्हणजे इथे उभं राहायचं. आधी ते स्वतः काठीने जमीन ठोकून बघत, दोन्ही पाय रोवून उभे राहत, आणि मगच बांधत. दुसऱ्या कुणी फितीला हात लावायचा नाही. फितीची रिळं शिवणक्लासच्या ताई आणून देत. त्या ताई आज आपल्यात नाहीत. त्यांची लेक तिसऱ्या रांगेत बसली आहे.

गेल्या वर्षी ओढ्याच्या काठावर, एका आडव्या ओंडक्याच्या पलीकडे, ताई फितीपाशी उभ्या राहिल्या, भिंग घेऊन वाकल्या आणि काठ ढासळला. खाली खडक होते. दवाखान्यापर्यंतही त्या पोचल्या नाहीत.

चौकशीत मास्तरांना विचारलं, फीत तिथे तुम्ही बांधली? ते म्हणाले, "माझ्याशिवाय कोण बांधणार? मला आठवते ती ओंडक्याच्या अलीकडे. पण आता माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिला नाही." तेव्हापासून, वहिनी सांगतात, ते गॅस बंद केला का हे चारचारदा बघतात. नातीला एकटे बाहेर नेत नाहीत. आज ते रान सोडताहेत ते वय झालं म्हणून नव्हे. आपलं डोकं चालेनासं झालंय, असं त्यांनी धरून ठेवलंय म्हणून.

अध्यक्षमहोदय, घड्याळ बघू नका, संपवतोच आहे.

अपघाताच्या आदल्या दिवशी मी एकटाच रानात गेलो होतो. मास्तरांनी आठवड्यापूर्वी जिच्यासाठी फीत बांधली होती, ती सरकणारी पिवळी स्लाइम मोल्ड ओंडका ओलांडून ओढ्याकडे गेली होती. वाटलं, उद्या मंडळी एवढी तंगडतोड करून येतील आणि रिकामा ओंडका बघून परत जातील. चिटणीस ना मी, सगळीकडे व्यवस्था बघायची खोड. फीत सोडली आणि चार पावलं पलीकडे नेऊन बांधली. जमीन ठोकली नाही. पाऊस वाढला होता आणि मला दुकान उघडायचं होतं.

मास्तर, चौकशीत मी तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. तुम्ही सगळं अंगावर घेतलंत तेव्हा मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. तुमचं ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे. दहा महिने मी मूग गिळून बसलो. लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

तुम्हाला बरोबर आठवतंय. फीत ओंडक्याच्या अलीकडेच होती. तुमचं डोकं शाबूत आहे. नातीला खुशाल बाहेर न्या.

नाही वहिनी, थांबा, मला पुरं करू द्या. ताईंची लेक आजही दारात मला काका म्हणाली. यापुढे नाही म्हणाली तरी माझी तक्रार नाही.

सही केलेला जबाब वनअधिकारी महोदयांपुढे ठेवतो आहे. मंडळाने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. जे केलं, ते घालू नका.